पॉइंट चार

दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या पहाटे टकटक.
नुसती टकटक.
सेक्टर अकरामध्ये कारखानीस आजी
उपाशीपोटी, बाही वर करून बसलेल्या,
आणि मी बर्फाची पेटी, सुया, ट्यूबा घेऊन
कोपरखैरण्यात, बिल्डिंगखाली, मेलेल्या वॅगनआरमध्ये.
वॉचमन धक्का मारायला येतो. पहिल्यांदा हसत आला होता.

बॅटरी बदलली, बिल आहे.
डायनॅमो दाखवला. "टणटणीत," म्हणाला नाक्यावरचा पोरगा.
नवी बॅटरीही मार्चमध्ये तशीच गेली.

मग कुणीतरी घणसोली गावातल्या
कमलाकर भोईरांचं नाव सांगितलं.
रविवारी दुपारी आले. स्कूटरच्या डिकीत मीटर,
एक चटई, पुडीत बांधलेली सुकी भेळ.
मायनसची वायर सोडली, मधोमध मीटर बसवला
ऐरोलीच्या नाक्यासारखा:
जे जाईल ते मोजून जाईल.
दाराच्या खटक्यात पेचकस फिरवून गाडीला फसवलं,
की दार लागलंय, सगळे घरी गेले.
"आता अर्धा तास हात लावायचा नाय.
झोपू दे तिला."

कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. त्यांनी विचारलं,
शीर सापडली नाही तर काय करता?
म्हटलं, थांबते. हात कोमट पाण्यात घालायला सांगते.
त्यांना ते पटलं.

अर्ध्या तासानं मीटरवर पॉइंट चार.
"बाय, गारी झोपलीच नाय तुजी."

हॉर्नचा फ्यूज काढला. पॉइंट चार.
काचांचा. पॉइंट चार.
टेपचा काढला तेव्हा दोघंही वाकलो. पॉइंट चार.
शेवटी सगळे फ्यूज कागदावर, लाल, निळे, पिवळे,
रंगीत पापड्या वाळत घातल्यासारखे,
पेटी रिकामी,
आणि आकडा तोच.

"म्हंजे पेटीच्या आदीच कोन तरी पितंय."

उताणे झाले, डोकं स्टिअरिंगखाली, पाय बाहेर.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
"कंपनीची टेप कापराची असते.
ही चकचकीत हाय. ही नंतरची."
बोटांनी वायर धरून आत, अजून आत,
आणि काड्यापेटीएवढा काळा डबा बाहेर आला,
हिरवा ठिपका लुकलुकणारा.

"तुज्या मालकानं लावलंय?"
मालक नाही मला, म्हटलं.
गाडीला होता, माझ्याआधी, खांदा कॉलनीतला.

डब्याच्या पाठीवर बॉलपेननं: तेजू.
विकताना ते म्हणाले होते,
मुलीची गाडी, ती आता चालवत नाही.
मी तेव्हा पाच हजार कमी करायच्या नादात.

भोईरांनी नखानं झाकण उचकटलं.
"सिम मेलंय. रिचार्ज कोन करनार?
म्हनून झोप नाय त्याला.
रातभर रेंज शोधतंय."

म्हणजे दोन वर्षं, रोज रात्री, खांब क्रमांक सातपाशी
माझ्या बॅटरीवर हे कुणालातरी कळवत होतं:
पोचली. इथे आहे. उभी आहे.
तिकडे कुणी उचलत नव्हतं.

वायर कापली. पॉइंट शून्य दोन.
"येवरा चालतो. घड्याळाला लागतो."
तीनशे रुपये घेतले, चटई झटकली,
डबा माझ्या हातात दिला. तुझ्या गाडीतला, तुझाच.

बुधवारी पहाटे एका चावीत सुरू.
कारखानीस आजी म्हणाल्या, आज वेळेवर?
शीर मात्र त्या दिवशी दोनदा निसटली.

डबा फ्रिजवर आहे.
त्याच्या पोटात त्याची स्वतःची इवलीशी बॅटरी असते,
हे मला माहीत नव्हतं.
"वॅगनआर पनवेल" असा एक नंबर अजून फोनमध्ये आहे.
रात्री एकदा काढला, पाहिला, ठेवला.
तेवढ्यात ठिपका दोनदा लुकलुकला,
मग बराच वेळ नाही.